पेटीतून उरलेले तुकडे

गावाचा इतिहास देवळातल्या शिलालेखात असतो, तसा तो भंगारातही असतो. आमच्या डोंगराकडच्या गावांत तर भंगारातच जास्त. मोटेचं मोडकं चाक, लोखंडी नांगराचा झिजलेला फाळ, बंद पडलेल्या ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील, ह्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवत नाही. पण त्या काळात माणसं काय करत होती आणि कुठं अडत होती, ते त्या लोखंडाच्या झिजेवर उमटलेलं असतं. मी इथं लिहितोय ते एका जुन्या जीपच्या गिअरबॉक्सबद्दल, आणि त्यातही एका प्लास्टिकच्या पिशवीत उरलेल्या सहा-सात तुकड्यांबद्दल.

जीप आमची. बनावट महिंद्राची, जात सीजे-३बी. बॉनेट उंच, म्हणून लांबून बघितलं तर मोठ्या कपाळाच्या माणसासारखी दिसते. वडिलांनी ती १९७५ साली जुनी घेतली. १९७३ च्या अरब-इस्रायल लढाईनंतर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल पिणाऱ्या जीपा मालकांना जड झाल्या. परवडेना म्हणून एकानं विकली आणि स्वस्तात मिळाली म्हणून आम्ही घेतली. पेट्रोल आम्हालाही परवडत नव्हतंच. पण पावसाळ्यात आमच्या वरच्या वाड्यांकडे जायला दुसरं काही नव्हतं. बैलगाडी चिखलात रुतायची आणि एसटी खालच्या फाट्यावरच परत फिरायची. बाळंतपणाच्या बाया, साप चावलेली माणसं, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं सगळं त्या जीपनं वाहिलं. पुढं तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. काही वर्षं ती वडापलाही धावली. आजही वरच्या धनगरवाड्याला रात्री-अपरात्री काही लागलं तर निरोप आमच्याकडेच येतो.

मागच्या वर्षी दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला. उताराला गाडी दुसऱ्यात ठेवावी आणि मध्येच खट्‌कन न्यूट्रल व्हावी. घाटात हे काम वाईट. पुतण्या शहरात असतो. त्यानं ओळखीच्या गॅरेजात गिअरबॉक्स पाठवला. त्यांनी तो पूर्ण खोलून, नवे भाग घालून, वरून चांदीचा रंग मारून परत दिला. दिसायला नवा कोरा. सोबत एक पिशवी. आणणाऱ्या पोरानं सांगितलं, "काका, हे काय आहे ते आमच्याकडे कुणाला कळलं नाही. पण त्याच्याशिवाय पेटी बसली."

पेटी बसवली आणि गाडी चालली. दुसरा गिअर सुटायचा थांबला. पण दोन गोष्टी खटकल्या. पेटीच्या मागच्या अंगाला, जोडाजवळ तेल ठिबकायला लागलं. आणि लो गिअर, जो आम्ही पन्नास वर्षं नुसता दांडा ओढून टाकत आलो, तो काही केल्या पडेना. पुतण्या म्हणाला, पिशवी टाकून द्या, जुनी घाण असेल. मी म्हटलं, आधी मेस्त्रींना दाखवू.

मेस्त्री बाजाराच्या गावात राहतात. वय ऐंशीच्या पुढं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, हात मात्र अजून ताठ. आमच्या पंचक्रोशीतल्या बहुतेक जीपा कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी पिशवी रॉकेलच्या डब्यात उपडी केली, एकेक तुकडा धुतला आणि गोणपाटावर मांडला. नाव कुठल्याच तुकड्याचं सांगितलं नाही. पुतण्याला म्हणाले, "बाळ, आधी चमक बघ. लोखंड जिथं काळं हाय, तिथं त्येला कुणी शिवल्यालं न्हाय. जिथं चमकतंय, तिथं त्येचा कुणासंगं तरी संसार झालाय. मग त्यो कुणासंगं झाला, त्ये हुडकायचं."

अनोळखी भाग ओळखायची ह्याहून चांगली रीत मला आजवर कुणी सांगितलेली नाही. चमकेची रुंदी मोजायची. ती सगळीकडून गोल असेल तर भाग फिरत होता, एकाच अंगाला असेल तर तो दाबाखाली उभा होता. काठ तुटका असेल तर तिथं दाते आदळत होते. मग ते माप जुळेल अशी जागा पेटीत शोधायची. पुस्तकातलं चित्र ह्याच्या नंतर.

पण त्याआधी पेटी नेमकी कुठली, हे ठरवायला हवं होतं. कारण आमच्याकडच्या जीपा म्हणजे एका आईची लेकरं नव्हेत. जीप जन्मली लढाईसाठी. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्यानं कारखान्यांना हलक्या, चारी चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी घातली आणि पहिला नमुना करायला दिवस दिले ४९. बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं २३ सप्टेंबर १९४० ला तो पोचवला. इतक्या थोड्या दिवसांत सगळं नवं घडवणं शक्यच नव्हतं. म्हणून दुसऱ्या गाड्यांसाठी बाजारात तयार असलेले भागच जमतील तसे वापरले. पुढं विलीज आणि फोर्ड ह्या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा काढल्या. लढाईच्या जीपला जी पेटी होती तिचं नाव टी-८४. तीन गिअर पुढचे, एक मागचा. तिच्या पाठीला चिकटून दुसरी लहान पेटी, ट्रान्स्फर केस. तिच्यातून जोर पुढच्या चाकांकडे वळवायचा आणि गाडी आणखी संथ करायची, म्हणजे 'लो' टाकायचा.

१९४५ ला लढाई संपत आली आणि विलीजला प्रश्न पडला, आता ही गाडी घेणार कोण? त्यांनी उत्तर काढलं, शेतकरी. त्याच साली सीजे-२ए ही मुलकी जीप बाजारात आली. जाहिराती नांगर ओढणाऱ्या आणि मळणीयंत्र चालवणाऱ्या जीपच्या. शेतासाठी त्यांनी आतले दाते बदलले. टी-८४ च्या जागी जास्त दणकट टी-९० आली, ट्रान्स्फर केसचा लो आणखी संथ केला, मागच्या आसाचे दातेही बदलले. सीजे-३बी ही १९५३ ची. तिलाही पेटी टी-९० च. आपल्याकडे महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीला मुंबईत सुटे भाग आणून विलीज जीपा जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत ३बी १९६८ ला थांबली, पण आपल्याकडे तिचा वंश पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला.

म्हणजे ३बी ला टी-९० पाहिजे. पण जीप पन्नास-साठ वर्षांची, पेटी कितीदा खोलली आणि कुणाची कुणाला लावली ह्याचा हिशेब नाही. कवचावरची ओतीव अक्षरं गॅरेजच्या चांदीच्या रंगाखाली बुजलेली. मेस्त्रींनी ती खरवडलीच नाहीत. पेटी ट्रान्स्फर केससकट खाली उतरवून लाकडी ओंडक्यांवर ठेवली. ह्या जीपांना हातब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्स्फर केसच्या मागं असतो. त्या ड्रमवर एक आणि पुढच्या दांड्यावर एक अशा खडूच्या दोन रेघा मारल्या. पहिला गिअर टाकला आणि मला म्हणाले, "फिरीव पुढचा. पोरा, तू मागचा मोज. धा झालं की सांग."

मी फिरवत गेलो. मागचे दहा फेरे झाले तेव्हा पुढचे भरले अठ्ठावीस. "टी-नव्वद," मेस्त्री म्हणाले. टी-८४ असती तर साडेसव्वीस-सत्तावीस भरले असते. इतका थोडा फरक एका फेऱ्यात कळत नाही, दहा फेऱ्यांत कळतो. आता ट्रान्स्फर केस बघायची होती, म्हणून तिसरा गिअर टाकला, कारण तिसऱ्यात मुख्य पेटी सरळ फिरते, एकास एक. पण लो पडेना. मेस्त्री थांबले, डोकं हलवलं, आणि पुढच्या चाकांचा दांडा ओढला. मग लो गपकन पडला. "असं हाय व्हय," एवढंच म्हणाले. मोजणी झाली : मागचे दहा, पुढचे चोवीस-साडेचोवीस. लढाईच्या जीपला हेच वीसच्या आत भरतात.

हे आकडे नुसते मेस्त्रीच्या कामाचे नाहीत. मी घरी येऊन वहीवर हिशेब मांडला. लढाईच्या जीपला पहिला गिअर, लो आणि मागच्या आसाचे दाते असा गुणाकार केला तर इंजिनाच्या साधारण साडेपंचवीस फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो. शेताच्या जीपला साडेछत्तीस फेऱ्यांना एक. सोळा इंची रिमच्या टायरचा घेर सव्वादोन मीटर धरा. इंजिन मिनिटाला हजार फिरलं तर लढाईची जीप मिनिटाला नव्वद मीटरच्या आसपास जाते, आणि शेताची साठ. साठ मीटर म्हणजे तासाला साडेतीन किलोमीटरच्या जरा वर. औताच्या मागून चालला असेल त्याला हा वेग ओळखीचा वाटेल. तो बैलाचा वेग आहे. अमेरिकेत तो घोड्याचा किंवा खेचराचा म्हणत असतील. सैनिकाच्या गाडीला जनावराच्या चालीनं चालायला शिकवलं ते ह्या दात्यांनी, आणि आमच्या पाणंदीत ती टिकली ती त्याच चालीवर. मोटारींवर लिहिणारे लोक जीपच्या इंजिनाचं कौतुक फार करतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त कौतुक ह्या संथपणाला गेलं पाहिजे.

आता तुकड्यांकडे येतो.

पहिला पितळेसारखा दिसणारा, पण काळसर तांबूस, नळीच्या आकाराचा. आतून आरशासारखा चमकणारा, बाहेरून मात्र फक्त घट्ट बसल्याची खूण. तसलेच दोन. गॅरेजवाल्यांनी ते काढून त्या जागी सुईसारखे बारीक रोलर घातले होते, आणि ते बरोबरच होतं. पेटीच्या तळाला चार गिअर एकाच अंगात घडवलेला लांब भाग असतो, तो एका स्थिर दांड्यावर फिरतो. दांडा आणि गिअर ह्यांच्यामध्ये असे रोलर असतात. मग आमच्या पेटीत गनमेटलचे बुश कुठून आले? मेस्त्रींनी बुशाचा काठ अंगठ्याच्या नखानं चाचपला. दोन पंचाचे ठिपके लागले. "माझंच काम हे," म्हणाले.

साल त्यांना आठवेना, पण टंचाईचा काळ होता म्हणाले. जीपचा बारीकसा भाग मिळवायचा तर मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात माणूस पाठवायचा किंवा महिनोन्‌महिने वाट बघायची. वाट बघायला गाडीला फुरसत नव्हती, कारण हंगाम तोंडावर. म्हणून ते झिजलेला दांडा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. उद्यमनगर म्हणजे लेथचा गाव. ऑइल इंजिनं आणि पंप तिथं घडायचे, साखर कारखान्यांचीही कामं तिथं चालायची. पंपाचे बुश करणाऱ्या एका लेथवाल्याला दांड्याचं माप दिलं, त्यानं ओतलेल्या गनमेटलच्या कांबीतून हे दोन काढले. रोलरपेक्षा बुश जास्त घासतो, तेल जास्त मागतो, हे खरं. पण रोलरसारखा फुटून दात्यांत जात नाही. ते बुश मागच्या वर्षापर्यंत चालले. पुतण्याचं म्हणणं, ओरिजिनल नव्हते. नव्हतेच. पण ते काढून पिशवीत घालताना एकदा हातात धरून बघायला पाहिजे होतं, एवढं माझं म्हणणं.

दोन पातळ थाळ्या होत्या, मध्ये भोक असलेल्या. बेअरिंगपुढं बसून उडणारं तेल अडवणाऱ्या. त्या जुन्या झालेल्या, नव्या आत घातलेल्या. तीन लहान चपट्या पट्ट्या आणि तारेची दोन कडी होती. ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या पितळी रिंगांमागची. गिअर सुटायला ह्याच झिजलेल्या पट्ट्या आणि मऊ पडलेली कडी बऱ्याच अंशी कारण होती. ह्यात काही गूढ नव्हतं.

चार बोल्ट होते. त्यातल्या एकाच्या डोक्यावर इंग्रजी एफ कोरलेला, लफ्फेदार. पुतण्यानं फोनवर शोधलं आणि तो ताडकन उठून बसला. फोर्डनं लढाईत ज्या जीपा बांधल्या त्यांच्या बारीकसारीक भागांवर, बोल्टवरसुद्धा, हे अक्षर असायचं. महिंद्राच्या जीपमध्ये फोर्डचा बोल्ट आला कसा? लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या हजारो गाड्या हिंदुस्थानात राहिल्या आणि त्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या त्या जीपा माझ्या लहानपणी ठेकेदारांकडे आणि सर्कसवाल्यांकडे दिसायच्या. त्या मेल्यावर त्यांचे अवयव महिंद्राच्या जीपांना लागले. मेस्त्रींना त्या बोल्टचं काहीच अप्रूप नव्हतं. "आटा जुळला, लावला," म्हणाले. पुतण्यानं तो बोल्ट खिशात घातला आणि पुण्याला नेला.

मग आलं ते नळकांडं. मुठीत मावेल एवढं, आतून लांब खाचा पाडलेलं, बाहेरून मधोमध एक गोल चर. गॅरेजमधल्या पोरांनाच काय, मलाही ते ओळखीचं नव्हतं. मेस्त्रींनी चमक बघितली. आतल्या खाचा एका टोकाला चमकणाऱ्या, दुसऱ्या टोकाला करड्या. बाहेरच्या चराच्या दोन्ही भिंती घासलेल्या. म्हणजे ह्या चरात चिमट्यासारखा काटा बसत होता आणि नळकांडं दांड्यावरून पुढंमागं सरकत होतं. पण पेटीत अशी मोकळी जागा कुठंच नव्हती. तेव्हा त्यांनी ट्रान्स्फर केसच्या पाठीवरचं गोल झाकण दाखवलं. प्रत्येक जीपला ते असतं, बहुतेक मालकांना ते कशाला आहे ते माहीत नसतं. ते काढलं की मुख्य दांड्याचं शेपूट दिसतं. तिथून जोर बाहेर काढता येतो. ट्रॅक्टरला ज्याला आपण पीटीओ म्हणतो, तेच. ह्या भोकातून एक दांडा मागं न्यायचा आणि त्याला पट्ट्याची पुली लावायची. नळकांडं सरकवलं की पुली चालू, मागं घेतलं की बंद.

हे ऐकलं आणि माझं डोकं एकदम पन्नास वर्षं मागं गेलं. वडील सांगायचे की पहिल्या मालकाच्या गुऱ्हाळावर ही जीप उभी असायची. मला वाटायचं, गूळ वाहायला. मेस्त्री म्हणाले, वाहायला नव्हे, घाणा ओढायला. घाण्याचं इंजिन बिघडलं की जीप उलटी लावायची, चाकांना दगड द्यायचे, पुलीवर कातड्याचा पट्टा चढवायचा आणि रस काढायचा. त्यांनी ते डोळ्यानं बघितलेलं होतं. उसाची तोड झालेली असली आणि घाणा थांबला तर ऊस वाळतो, उतारा घटतो, गुळाचा रंग जातो, गुळव्या आणि जळव्या बसून मजुरी खातात. अशा वेळी ओहायो प्रांतातल्या टोलेडो गावी आखलेली गाडी राधानगरीकडच्या मळ्यात उसाचा रस काढत होती. विलीजनं १९४५ च्या जाहिरातीत जे चित्र दाखवलं, त्याच्या जवळपासचं काहीतरी आमच्याकडेही खरंच घडलं होतं, आणि त्याचा पुरावा म्हणून घरात एवढं एक नळकांडंच उरलं होतं. पुली, दांडा, पट्टा सगळं कधीच भंगारात गेलेलं. ते आता माझ्या कपाटात आहे.

एक तुकडा मेस्त्रींनी शेवटपर्यंत बाजूला ठेवला होता. बोटभर लांबीची, चपटी, जाड पोलादी पट्टी. भोक एकही नाही. दोन टोकांना कडेवर बारीक चमक, बाकी सगळी काळी. म्हणजे फिरत नव्हती, सरकत नव्हती, फक्त दोन जागी कशाला तरी अडवून उभी होती. पुतण्या म्हणाला, "आजोबा, पॅकिंगचा तुकडा असेल."

"पॅकिंग न्हवं रं. ह्यो दाराचा आडणा हाय," मेस्त्री म्हणाले. आवाज बदललेला होता.

पेटीच्या मागच्या तोंडाला दोन स्थिर दांड्यांची टोकं येतात. एक मघाच्या लांब गिअरचा, दुसरा रिव्हर्सच्या गिअरचा. दोन्ही टोकांना एकेक खाच असते. ही पट्टी त्या दोन खाचांत आडवी बसते, आणि मग वर ट्रान्स्फर केस आवळली की ती हलू शकत नाही. ना बोल्ट, ना स्क्रू. त्या पट्टीनं दोन्ही दांडे जागच्या जागी धरलेले असतात. ती नसेल तर वरचा गिअर फिरताना दांड्यालाही हळूहळू सोबत फिरवतो, पुढंमागं ढकलतो. कवचाचं भोक झिजतं, तेल गळायला लागतं, आणि पुढं केव्हातरी दांडा आपली जागा सोडतो. ठिबकणारं तेल इथूनच येत होतं.

गोल झाकण काढलं, आतली कॉटर पिन आणि नट काढून दाता ओढला, पाच बोल्ट सोडले आणि दोन्ही पेट्या वेगळ्या केल्या. दांड्याच्या खाचा रिकाम्या. त्यातल्या एकीचं तोंड फिरून तिरकं झालेलं. गॅरेजनं जोडाला रबराचा लाल मलम भरपूर फासला होता, म्हणून ठिबक एवढीच होती, नाहीतर धार लागली असती. त्या दिवसांत ही गाडी दोनदा धनगरवाड्यावर जाऊन आली होती, एकदा आठ माणसं घेऊन. मेस्त्रींनी दांडा पुन्हा सरळ केला, पट्टी खाचांत बसवली, बोटानं दाबून बघितली. पुतण्यानं तिथूनच गॅरेजला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की पार्टबुकात बघून घेतो. मी फोन मागून घेतला आणि म्हटलं, पार्टबुकात बघा, पण पुढच्या वेळी पिशवीत काही उरलं तर गाडी देऊ नका. मुलगा गप्प राहिला. नंतर त्यानं त्या पट्टीचा फोटो मागितला, तो आम्ही पाठवला.

राहिला प्रश्न लो न पडण्याचा. आता गंमत अशी की हा तुकडा पिशवीत नव्हता. तो नवा होता आणि आत होता. ट्रान्स्फर केसमध्ये दोन सळ्या शेजारी शेजारी सरकतात. एक पुढच्या चाकांची, एक हाय-लो ची. दोघींच्या मध्ये औषधाच्या कॅप्सूलएवढी, तिच्याच आकाराची एक पोलादी गोळी असते. पुढच्या चाकांना जोर दिल्याशिवाय लो पडू नये, ह्यासाठी. लो मध्ये जोर फार वाढतो, तो सगळा एकट्या मागच्या आसावर आला तर तो मोडेल, म्हणून कंपनीनं केलेली राखण. गॅरेजनं नवा संच घातला, त्यात ही गोळी आली. कंपनीच्या हिशेबानं त्यांचं काम बरोबर होतं. आमच्या पेटीत ती आधी नव्हती. १९७६ का ७७ साली मेस्त्रींनीच ती काढली होती, वडिलांच्या सांगण्यावरून.

कारण खळं. तेव्हा सुगीला भाताची मळणी जीपनं व्हायची. शेणानं सारवलेल्या टणक खळ्यावर पेंढ्या पसरायच्या आणि जीप तिवड्याभोवती बैलांसारखी गोल गोल फिरवायची, तासन्‌तास, लो मध्ये. पण चारी चाकांना जोर असताना टणक जमिनीवर लहान वळण घेतलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. वळताना पुढची चाकं जास्त वाट चालतात, आणि आतले दाते तर दोघांना सारखंच फिरवतात. गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, सारवण उखडतं आणि भातात माती जाते. म्हणून फक्त मागच्या चाकांवर लो हवा होता. रिकामी गाडी, सपाट जागा, आस मोडायची भीती नाही. गोळी काढली की झालं. वडील रात्री कंदिलाच्या उजेडात जीप फिरवायचे, मी मागून आकडीनं पेंढ्या उलटायचो, आणि आई सुपात भात घेऊन आत डिझेलचा वास नाही ना ते बघायची. तेव्हा ते पेट्रोल होतं, पण आई सगळ्याला डिझेलच म्हणायची.

ट्रान्स्फर केस उघडीच होती. मेस्त्रींनी चिमट्यानं गोळी बाहेर काढली, तळहातावर घेतली आणि मला विचारलं, "काय करू? काढून ठेवू?"

मी म्हटलं, "खळं कुठंय आता, मेस्त्री? त्या जागेवर धाकट्यानं घर बांधलंय. भात यंत्रातनं निघतं."

त्यांनी गोळीला तेल लावलं आणि ती परत दोन सळ्यांच्या मध्ये ठेवून दिली.